गाणं संपल्यानंतरचे चाळीस सेकंद

मित्रांनो, डोक्यावर बसायचं आणि कानात बोलायचं, एवढंच काम मी आयुष्यभर केलं. मी एक जुना हेडफोन आहे. रस्त्यानं चालताना कानात खुपसतात त्या जातीचा मी नव्हे. मी जाडजूड आहे, काळा आहे, माझी वायर जुन्या टेलिफोनसारखी वेटोळ्यांची आहे. माझ्या दोन्ही वाट्यांत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा एकेक पडदा आहे. तो थरथरला की तुम्हाला ऐकू येतं. टेपवर जे आहे ते जसंच्या तसं सांगायचं, त्यात पदरचं काही घालायचं नाही, असं मला घडवणाऱ्यांनी शिकवलं. मी ते पाळलं. फक्त एक गोष्ट मला बावीस वर्षं कुणाला सांगता आली नाही. ती पहिल्यांदा माझ्यातून उमटली तेव्हा माझ्या वाट्यांत कुणाचा कान नव्हता.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका डोंगराळ गावातल्या कारखान्यात झाला. तिथली एक बाई भिंगातून बघत केसासारखी तार गुंडाळायची. प्रत्येक हेडफोन ती स्वतः अर्धा मिनिट ऐकायची, पसंत पडला तर खोक्यावर खडूनं एक रेघ ओढायची. माझ्यावर तिनं दोन ओढल्या. का, ते मला कधी कळलं नाही. मग जहाजातून मी कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर आलो, सेंट जॉन्स गावात, ग्लॅडिसबाईंच्या वाद्यांच्या दुकानात. ते साल होतं १९७८.

तिथं मला अँब्रोज कीओ भेटला. बंदराजवळच्या एका जुन्या मासळीच्या गुदामाच्या वरच्या मजल्यावर तो स्टुडिओ उभारत होता. बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांना जुनी गाणी येत. ती माणसं जायच्या आत त्यांची गाणी टेपवर उतरवायची, असं त्यानं ठरवलं होतं. भिंतींना घोंगड्या लावून झाल्या होत्या, माइक आले होते, हेडफोन तेवढा राहिला होता.

ग्लॅडिसबाईंनी मेजावर सात हेडफोन मांडले. मी शेवटचा.

"हा घे," त्या म्हणाल्या. "ह्यात ढोलाचा आवाज कसा पोटात शिरतो बघ."

"पोटात शिरायला माझ्याकडे बटाटे आहेत, ग्लॅडिस," अँब्रोज म्हणाला. "मला कानापुरता हवाय."

त्यानं खिशातून स्वतःची टेप काढली. "हेडफोन निवडताना आपल्या पाठ असलेलं काहीतरी ऐकावं. दुकानातली टेप दुकानाची चाकरी करते."

त्या टेपवर गाणं नव्हतं. अँब्रोजची आई स्वयंपाकघरात बसून मोजे विणत होती आणि अधूनमधून एखादं वाक्य बोलत होती, बस. ती आदल्या हिवाळ्यात वारली होती. अँब्रोजनं एकेक हेडफोन डोक्यावर चढवला. एकात आई तरुण झाली, एकात तिचं स्वयंपाकघर चर्चएवढं मोठं झालं. एक इतका आवळत होता की पाच मिनिटांत अँब्रोजचे कान लाल झाले. दिवसभर डोक्यावर राहायचंय, असा पाहुणा नको, म्हणून त्यानं तो बाजूला सारला. मग माझी पाळी आली.

सुयांची टकटक, भिंतीवरचं घड्याळ, शेगडीत ढासळलेला निखारा, आणि आईच्या श्वासातली दम्याची बारीक शीळ. होतं ते सगळं मी सांगितलं. टेप संपली तरी अँब्रोजनं मला डोक्यावरून काढलं नाही.

"आवडला नाही का?" ग्लॅडिसबाईंनी विचारलं.

"बाकीच्या सहांमध्ये ती बरी झाली होती," तो म्हणाला. "ह्यात आजारी आहे. हाच बांधून दे."

अशी माझी निवड झाली. त्यानंतर बारा वर्षं मी त्याच्या डोक्यावर होतो. तो मला 'माझा कान' म्हणायचा. एक आजीबाई बत्तीस कडव्यांचं गाणं डोळे मिटून, शेजारणीचा हात हातात घट्ट धरून म्हणायच्या. एकविसाव्या कडव्याशी त्यांनी तो हात किती जोरात दाबला, हेसुद्धा त्यांच्या आवाजावरून मी अँब्रोजला सांगितलं. एका गोष्टी सांगणाऱ्या आजोबांची कवळी वाजायची. मी ती चहाडी केली, अँब्रोजनं कवळी काढायला लावली, आणि मग आजोबांना 'स' म्हणता येईना. तो सगळा दिवस हसण्यात गेला. चांगले दिवस होते.

१९९० च्या ऑक्टोबरात, एका गुरुवारी दुपारी, व्हेलन बंधू आले.

किनाऱ्यानं दक्षिणेला तासभर गेलं की कॉनर्स कोव्ह नावाची वस्ती लागते, तिथले हे मासेमार भाऊ. थोरला डेनिस, त्याला सगळे डिन म्हणत. वय शेहेचाळीस, उंच, अबोल. गाणारा तो. धाकटा अल्फॉन्सस, म्हणजे फॉन्स. वय एकोणचाळीस, तोंडाला कुलूप नाही. तो ॲकॉर्डियन वाजवायचा. दोघांची बोट एक होती. फॉन्सला फिलोमीना नावाची बायको आणि उना नावाची चार वर्षांची मुलगी होती. डिन एकटा. खाडीच्या एका काठाला फॉन्सचं घर, समोरच्या काठाला डिनचं.

टेप लावायच्या आधी अँब्रोजनं विचारलं, "डब्यावर नाव काय लिहू?"

"फॉन्स आणि डिन," फॉन्स म्हणाला. "म्हातारा मागं बरा. पुढं ठेवला तर गिऱ्हाईक पळेल."

अँब्रोज हसला, फॉन्स हसला. डिनही हसला, पण हसण्याआधी त्याचा श्वास क्षणभर अडकला. मला ऐकू आलं. अँब्रोज तेव्हा पेन शोधत होता.

पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेला ते गाणं असं लागलं की अँब्रोजनं खुर्चीच्या हाताला धरलेली बोटं सोडलीच नाहीत. थोरल्याचा आवाज खालून चालायचा आणि धाकट्याचा भाता त्याच्या पाठीवर हात ठेवल्यासारखा बरोबर यायचा. शेवटचा सूर विरला. अँब्रोजनं काचेतून अंगठा दाखवला, मला खुंटीला टांगलं आणि आनंदाच्या भरात चहाचं आधण ठेवायला पलीकडच्या खोलीत गेला.

टेप बंद करायला तो विसरला.

माइक चालू होते आणि मी खुंटीवर होतो. आत दोघे भाऊ बोलायला लागले. माझे पडदे रिकाम्या खोलीत थरथरू लागले.

"तो पंप बदलल्याशिवाय बोट बाहेर काढू नकोस," डिन म्हणाला. "मी सोमवारी नेली होती. पाणी उपसतच नाही तो."

"नवा आणून ठेवलाय," फॉन्स म्हणाला. "पण एकट्याच्यानं बसत नाही. शनिवारी येशील? दोघं मिळून तासाभरात बसवू."

 मी डिनचे तीन श्वास मोजले.

"बघू," तो म्हणाला.

"बघू नको, ये."

दार वाजलं. डिन विडी ओढायला बाहेर गेला होता. मग चाळीस सेकंद फॉन्स एकटाच होता. तो गुणगुणत होता, ॲकॉर्डियनचे पट्टे बांधत होता, स्वतःशी काहीतरी पुटपुटला. मग अँब्रोजची पावलं आली, "अरे, ही चालूच राहिली," असं तो म्हणाला आणि खटका पडला. त्यानं डब्यावर 'तिसरी खेप, उत्तम' असं लिहिलं. पुढं तबकडी काढताना त्यानं टेपच्या नकलेवर गाण्याच्या शेवटच्या सुरापाशी कात्री लावली, मूळ टेप डब्यात तशीच राहिली. त्यापलीकडे काही असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही.

पुढच्या सोमवारी फॉन्स एकटा बोट घेऊन गेला. दुपारी वारा आग्नेयेला फिरला. दोन दिवसांनी बोट खाडीच्या तोंडाशी पालथी सापडली. फॉन्स सापडला नाही, आजतागायत नाही. नवा पंप त्याच्या छपरीत होता, खोक्यातून काढलेला, बसवायचा राहिलेला.

अँब्रोज प्रार्थनेला जाऊन आला. तिथं काय घडलं ते त्यानं फोनवर ग्लॅडिसबाईंना सांगितलं. मी तेव्हा त्याच्या गळ्यात होतो. फिलोमीनाच्या पुढच्या खोलीत शवपेटी नव्हती, कारण शवच नव्हतं. खुर्चीवर ॲकॉर्डियन ठेवला होता. माणसं खालच्या आवाजात बोलत होती, तेवढ्यात डिन म्हणाला, "मी त्याला सांगितलं होतं. पंप बदलल्याशिवाय जाऊ नको म्हणून."

फिलोमीनानं त्याच्याकडे बघितलं. "केव्हा सांगितलंस?"

"स्टुडिओत. त्या दिवशी."

"तो घरी येऊन मला सगळं सांगायचा, डिन. वाटेत कुणाचं कुत्रं भुंकलं तेसुद्धा. हे नाही सांगितलं त्यानं." आणि मग सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "आदल्या सोमवारी बोट तूच नेली होतीस. पंप गेलाय हे तुला ठाऊक होतं. ठाऊक असून गप्प बसलास, आणि आता माझ्याच घरात बसून खोटं बोलतोयस. ऊठ इथनं."

डिन उठला. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

मित्रांनो, मी खुंटीवर होतो. माझ्या पोटातलं एक वाक्य बाहेर आलं असतं तर तो माणूस खोटा ठरला नसता. पण हेडफोनला तोंड नसतं. कुणी टेप लावली आणि मला कानाशी धरलं, तरच मला वाचा फुटते.

त्याच हिवाळ्यात डिन एकदा स्टुडिओत आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला, बसला नाही.

"त्या दिवशी टेप केव्हा बंद केलीस तू?" त्यानं विचारलं.

"गाणं संपलं तेव्हा," अँब्रोज म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, विसरला होता. "का रे?"

"काही नाही."

त्यानं सोडलेला श्वास मी ऐकला. माणसांचे हजारो श्वास मी ओळखतो, तो मला ओळखता आला नाही. तो सुटल्याचा होता, की बुडाल्याचा? टेपचा डबा त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर फळीवर होता. तो निघून गेला.

पुढची वर्षं मी तुम्हाला थोडक्यात सांगतो, कारण ती आठवायला मला आवडत नाहीत. समुद्रातले मासे संपले, मासेमारी बंद झाली, गावंच्या गावं कामासाठी बेट सोडून गेली. गाणारे म्हातारे एकेक करून गेले. अँब्रोजचा हात कापू लागला. एक दिवस त्यानं मला वायरसकट खोक्यात ठेवलं आणि खोकं जिन्याखाली सरकवलं. माझ्या गाद्यांचं कातडं सुटलं, आतला स्पंज पीठ होऊन गळू लागला.

अंधाराचं मला काही वाटलं नसतं. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. हेडफोनचा पडदा उलटाही चालतो. बाहेरचा मोठा आवाज आला की तो आपोआप थरथरतो. बंदरात धुकं उतरलं की भोंगा वाजायचा आणि मी खोक्यात थरथरायचो, आणि प्रत्येक वेळी ती थरथर त्या गुरुवारची वाटायची. भोंगा दोनदा वाजायचा: बघू नको, ये. बघू नको, ये. त्या किनाऱ्यावरचे लोक म्हणतात, वादळाआधी बुडालेली माणसं हाका मारतात. मला ते खरं की खोटं सांगता येणार नाही. मी फक्त एवढं सांगतो की बुडालेल्या माणसाचा आवाज आपल्या आत असला, की त्याला बाहेर वादळ लागत नाही.

२०१२ च्या सप्टेंबरात खोक्याचं झाकण उघडलं.

वर एक तरुण मुलगी होती. फॉन्सचं रुंद कपाळ, फॉन्सच्या भुवया. ती उना होती, सव्वीस वर्षांची. हॅलिफॅक्सला रेडिओत आवाज जुळवण्याचं काम करायची. वडलांची तबकडी नव्यानं काढायची म्हणून मूळ टेप मागायला ती अँब्रोजकडे आली होती.

"ह्याच्याकडे कशाला बघतेस?" अँब्रोज म्हणाला. तो आता सत्तरीला टेकला होता. "भुगा झालाय त्याचा."

"गाद्या बदलता येतात, काका. आतला जीव शाबूत असला म्हणजे झालं."

तिनं स्वतःचे दोन हेडफोन आणले होते. एक गुळगुळीत, पांढरा, बाहेरचा आवाज गिळून टाकणारा. दुसरा महागडा, हलका. ओल धरलेली टेप दोन दिवस मंद उबेत वाळवून तिनं यंत्रावर चढवली. माझ्यावर तिनं तात्पुरत्या म्हणून साध्या कापडाच्या गाद्या शिवून बसवल्या. आपल्या आईच्या जुन्या परकराचं कापड आहे, असं ती म्हणाली.

"कुठल्यावर काम करायचं ते आधी ठरवते," ती म्हणाली. "अख्खा महिना कानावर राहायचाय."

"तर मग आवडेल तो घेऊ नकोस," अँब्रोज म्हणाला. "खटकेल तो घे."

तिनं पांढऱ्यावर गाणं ऐकलं, हसली, डोळे पुसले. हलक्यावर ऐकलं आणि मान डोलावली. दोघांतही शेवटच्या सुरानंतर तिला नुसती टेपची खरखर लागली आणि तिनं बटण दाबलं. मग तिनं मला डोक्यावर घेतलं. बावीस वर्षांनी माझ्या वाट्यांत ऊब आली. गाणं झालं. सूर विरला. तिचा हात बटणाकडे गेला.

तेवढ्यात खरखरीच्या तळाशी खुर्ची करकरली, आणि तिचा हात थांबला.

मी घाई केली नाही. मला घाई करताच येत नाही. जे होतं ते, जसं होतं तसं, मी तिच्या कानात ठेवलं. तिनं टेप मागं नेली, पुन्हा ऐकली. पाच वेळा. मग पाकिटाच्या पाठीमागे एकेक शब्द लिहून काढला.

"अँब्रोजकाका, हे ऐका."

अँब्रोजनं मला कानाशी धरलं. म्हातारपणानं त्याच्या कानांतले बारीक आवाज केव्हाच उडाले होते. बराच वेळ ऐकून त्यानं मान हलवली. "मला नुसती खरखर लागतेय, पोरी. कोण आहे?"

"बाबा आहेत," उना म्हणाली. "आणि डिनकाका."

तिनं कागद वाचून दाखवला. अँब्रोज खाली बसला. "टेप चालू राहिली होती," तो म्हणाला. "मीच त्याला सांगितलं, बंद केली म्हणून. माझ्या डोक्यामागच्या फळीवर होतं हे सगळं."

दुसऱ्या दिवशी दुपारी उना मला आणि लहान यंत्राला पिशवीत घालून कॉनर्स कोव्हला निघाली. आईच्या घरावरून न थांबता पुढं गेली. खाडीला वळसा घालून ती डिनच्या दारात आली. त्या गावात कुणी दार वाजवत नाही. ती आत गेली.

डिन बटाटे सोलत होता. अडुसष्ट वर्षांचा, केस पांढरे, इंजिनाच्या आवाजानं कान मंद झालेले.

"उना," तो म्हणाला. चार वर्षांची असल्यापासून ती ह्या घरात आली नव्हती. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. काका, तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय. स्टुडिओतलं आहे. गाण्यानंतरचं."

डिननं सुरी खाली ठेवली. हात पुसले. मी त्याच्या डोक्यावर बसलो. उनानं आवाज जितका वाढवता येईल तितका वाढवला. कधी माणसाच्या कानात बोलायला मी घाबरलो असेन तर तेव्हा.

त्यानं ऐकलं. 'बघू' ऐकलं. 'बघू नको, ये' ऐकलं. पुढं दार वाजलं तिथं त्यानं हात वर केला आणि मला काढून मांडीवर ठेवलं.

"मला वाटत होतं हे फक्त मलाच ऐकू येतं," तो म्हणाला.

"तुम्ही सांगितलं होतं बाबांना. खरंच सांगितलं होतं."

"अर्धं सांगितलं मी लोकांना. उरलेलं अर्धं पोटात ठेवलं." तो खिडकीकडे बघत होता. "त्या दिवशी मला राग आला होता. डब्यावर त्याचं नाव आधी लिहिलं म्हणून. एवढ्यावरून. मी थोरला ना. शनिवारी मी घरातच होतो, इथं ह्याच खुर्चीवर. तो समोर धक्क्यावर आला, पंप घेऊन. पाना हातात. मला दिसत होता. त्यानं दोनदा मान वर करून ह्या खिडकीकडे बघितलं. मी पडद्याआड सरकलो."

उनानं यंत्र बंद केलं.

"म्हटलं, बघू दे थोडी वाट. सोमवारी जाईन. सोमवारी उठलो तर बोट धक्क्याला नव्हती."

केटली उकळून उकळून शांत झाली. उना हळूच म्हणाली, "काका, मी हे काम रोज करते. ही टेप कुठंही कापता येते. 'पाणी उपसतच नाही तो' इथं कापली, तर आईला एवढंच ऐकू येईल की तुम्ही सांगितलं होतं. तुमच्यावरचा आळ जाईल. बाकीचं कुणाला कळायचं कारण नाही."

मित्रांनो, तेव्हा मी त्या म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर होतो. त्यानं माझी वायर बोटाभोवती गुंडाळली आणि पुन्हा सोडली.

"नको," डिन म्हणाला. "आईला ऐकवायचं तर सगळं ऐकव. अर्ध्यानं बावीस वर्षं खाल्ली माझी."

फिलोमीना आपल्या स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या घालत होती. साठी उलटलेली, ताठ, लहानखुरी बाई. उनानं सगळं समजावून सांगितलं आणि तिच्या केसांवर मला बसवलं. तिनं टॉवेल हातात तसाच धरून ऐकलं. डिनची ताकीद आली तेव्हा तिचे डोळे मिटले. 'बघू' आलं तेव्हा उघडले.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. पुन्हा ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे तो खोटं बोलत नव्हता." मग थोड्या वेळानं, "आणि आला नाही."

"नाही आला. त्यांनी कबूल केलं, आई. खिडकीतून बघत होते म्हणाले."

फिलोमीनानं टॉवेलची घडी पूर्ण केली. "दार वाजल्यावर काय आहे?"

"काही नाही. बाबा सामान आवरतायत."

"लाव."

मी तिला ते चाळीस सेकंद दिले. फॉन्सचं गुणगुणणं, सूर नसलेलं, दमलेलं, खूश. पट्ट्याचं बक्कल. भात्यातून सुटलेली शेवटची हवा. आणि मग ते पुटपुटणं, जे माझ्याखेरीज कुणाला उमगलं नव्हतं: "चला. फिलनं काकवीचे पाव केले असतील."

तिच्या तोंडातून शब्द आले ते असे, जणू तो पलीकडच्या खोलीतून विचारत होता. "केले होते," ती म्हणाली.

मग ती तिथंच खाली फरशीवर बसली. मी तिच्या डोक्यावरच होतो. ती रडली तेव्हा उनाला जेवढं ऐकू आलं त्याहून जास्त मला ऐकू आलं. त्याबद्दल मी बोलणार नाही.

संध्याकाळच्या आत धुकं उतरलं. फिलोमीनानं कोट चढवला, पावाचा एक तुकडा खिशात टाकला, कारण धुक्यात रिकाम्या खिशानं जाऊ नये असं तिची आई सांगायची. ती खाडीच्या कडेनं चालू लागली. उना तिच्या मागं होती, मी उनाच्या गळ्यात. 

डिन त्याच खुर्चीवर होता. तिला बघून उभा राहिला.

"शनिवारी यायला हवं होतंस तू," फिलोमीना म्हणाली.

"हो."

"पाना धरायला माणूस हवा होता, एवढंच."

"हो, फिल."

"आणि तू सांगितलंही होतंस त्याला."

डिननं मान डोलावली. तिच्याकडे बघणं त्याला जमत नव्हतं.

"मी सगळ्या गावात तुला खोटारडा केलं," ती म्हणाली. "तेही आहे." तिनं कोटाची बटणं सोडली, खुर्ची ओढली. "क्षमाबिमा मला आज जमायची नाही, डिन. चहा टाक."

त्यानं चहा टाकला. डब्यातलं दूध घालताना थोडं मेजावर सांडलं. तिनं ते पदरानं पुसावं तसं बाहीनं पुसलं.

त्यानंतर तो तीन वर्षं जगला. दर रविवारी तिच्याकडे जेवायला जायचा. काही रविवारी ती त्याच्याशी बोलायची, काही रविवारी नाही. नवी तबकडी निघाली. त्यावर गाणं शेवटच्या सुरापाशीच संपतं. पलीकडचं उनानं कुणाला दिलं नाही. ती टेप आणि मी, दोघेही आता फिलोमीनाच्या स्वयंपाकघरात असतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही आवाज साठवणाऱ्या वस्तू असतील. वायरला धरून ओढू नका, गुंडाळताना पिळू नका, उन्हात टाकू नका. जुनं झालं म्हणून खोक्यात कोंबण्याआधी एकदा कानाशी धरा. हेडफोन घ्यायची वेळ आली तर तुमच्या घरच्या माणसाचा आवाज बरोबर घेऊन जा. ज्यात तो उगाच गोड लागतो तो दुकानातच राहू द्या. आणि गाणं संपलं की लगेच बटण दाबू नका. एखाद्या माणसाचं सगळ्यात साधं वाक्य तिथं असतं, आणि नंतर तेवढंच उरतं.

हल्ली फिलोमीनाचे कानही मंद होत चाललेत. रोज रात्री ती टेप लावते आणि दर खेपेला आवाज थोडा वाढवते. एक दिवस तिला फक्त खरखर ऐकू येईल, हे मला ठाऊक आहे, आणि तेव्हाही मी तिला काही कमी सांगणार नाही. ऐकून झाल्यावर ती मला काढते, ॲप्रनच्या टोकानं माझ्या दोन्ही गाद्या पुसते, वायरची वेटोळी सैल करते. मग मला खिळ्याला अडकवून, दिवा मालवायच्या आधी, माझ्या वाट्यांकडे बघत हलक्या आवाजात म्हणते, "उद्या परत येते हं."

ती माझ्याशी बोलत नसते. पण ह्या घरात तेवढं तरी कुणीतरी ऐकावं, म्हणून मी थरथरतो.